खोपीबाहेरचा बुधूबा

स्वतःच्या हातांनी नवीकोरी खोप बांधायची आणि निजायचं मात्र तिच्या बाहेर, उघड्यावर, दगडाला पाठ लावून. बुधूबा असं करतो हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पौषाचे दिवस होते. सिद्धगडाच्या पोटाशी जो माळ आहे, तिथे त्या दिवसांत गवतावर इतकं दहिवर साचतं की सकाळी चालताना लुगडं गुडघ्यापर्यंत भिजतं. आणि हा साठीला टेकलेला माणूस एका घोंगडीवर रात्र काढत होता.

"बुधूबा, डोकं ठिकाणावर हाय का? खोप काय रानडुकरांसाठी बांधली?"

"निजली डुकरं तर निजू दे, बाई," तो हसत म्हणाला. "चूल कुठं पेटलीय अजून?"

मी तेव्हा डोंगराच्या पायथ्याच्या गावात अंगणवाडी चालवत होते. ठाकरांची वाडी आमच्या गावाला लागूनच, आणि तिथली पोरं माझ्याच पटावर. पण दिवाळी सरली की वाडी निम्मी रिकामी व्हायची. नाचणी-वरी वरच्या माळावर, मग गवतकापणी, म्हणून माणसं पोराबाळांसकट वर जाऊन राहायची ती शिमग्यापर्यंत. खाली पोरं नसली म्हणून सरकारला काय त्याचं? त्यांची वजनं घ्यायला मलाच वर जावं लागायचं. दर खेपेला मी डोंगराला शिव्या देत चढायचे, आणि उतरताना मागे वळून बघायचे. तो माळच तसा आहे.

या माळावरच्या लोकांची एक रीत होती. नवी खोप बांधून झाली की तिच्यातली पहिली चूल घरच्या लेकीनं पेटवायची. चूल पेटेपर्यंत ती नुसती काटक्या-गवताची रास. तिच्यात कुणी निजत नाही. एकदा लेकीच्या हातचा जाळ झाला, धूर छपरातून बाहेर पडला, की मग ते घर. शिमगा आला की खोप मोडायची, तिची लाकडं खाली होळीला न्यायची, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा नवी. त्यामुळे लेकीचा मान दरवर्षी नवा.

बुधूबाला एकच लेक होती. रुपा. आणि ती येत नव्हती.

माणूस चणीनं लहान, रंगानं काळाकुळकुळीत, कमरेला कायम आकडी आणि तिच्यात कोयता. बोलायला गोड, पण गोडीतच टोला हाणणारा. मी एकदा धापा टाकत वर पोचले तर म्हणाला, "बाई, तुमी येता हे आमाला तुमी दिसायच्या आदीच कळतं. रेड्यासारखं फुसफुस ऐकू येतं." मी रागावले, आणि रागावल्यावर त्यानं केलेला कोरा चहा प्याले. बायको, भिमी, रुपा लहान असतानाच तापानं गेली. लोकांनी दुसरी करायला सांगितलं, तर हा म्हणाला, "हिला कडेवर घेऊन लाकडं तोडता येतात. अजून कोन कशाला?" आणि खरंच त्यानं पोर कडेवरच वाढवली.

एका वर्षी मी त्याला खोप बांधताना पाहिलं. माळावरची पोरं ऊन उतरेपर्यंत सापडणार नव्हती, तेव्हा बसले तिथेच. आधी तो नुसता इकडून तिकडे फिरला. मोठ्या झाडाखाली नको, वाळकी फांदी कधी पडेल सांगता येत नाही. खोलगटीत नको. "थंडी पान्यावानी हाय, बाई. उतार बगून खाली जाते आनि तिथं साचते." शेवटी एका उंचवट्याच्या कुशीत त्यानं टाच रोवली. वर दोन फाटे फुटलेल्या ऐनाच्या लाकडाच्या दोन मेढी खांबासारख्या पुरल्या, त्यांच्या दुबेळक्यात आडवं आढं चढवलं, आढ्यावरून दोन्ही बाजूंना बांबूचे वासे सोडले. खिळा नाही, तार नाही. धामणीची साल रात्रभर पाण्यात भिजवून ठेवलेली, तिनंच सगळं आवळायचं. ती वाळली की आणखी घट्ट होते. बाजूला कारवीच्या काठ्यांचा कुड. वर सागाची पानं आणि पानांवर गवत, खालून सुरुवात करून वर वर चढत जायचं, म्हणजे दहिवर आणि अवकाळी आलाच तर पाऊसही घसरून बाहेर पडतो.

दार इतकं बुटकं की माणसानं वाकूनच शिरावं. आणि ते कायम वाऱ्याकडे पाठ करून. माळावर वारा येतो तो खालच्या घळीतून, आणि वाडीतून वर येणारी वाटही त्याच घळीतून चढते. त्यामुळे माळावरच्या सगळ्या खोपींच्या पाठी वाटेकडे आणि तोंडं गडाकडे.

सगळं झाल्यावर त्यानं आत चूल मांडली. तीन दगड, माती, वरून शेणाचा हात. त्यात बारीक काटक्या रचल्या, त्यांच्याखाली वाळलेलं गवत कोंबलं. नुसती काडी लावायची बाकी. मग रांगत बाहेर आला, हात झटकले, आणि दगडाला टेकून बसला. एवढं सुरेख काम करून बाहेर बसलेला माणूस बघून मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?

रुपा पहिली चूल पेटवायची तेव्हा इतकीशी होती की फुंकताना तिच्या कपाळावरचे केस होरपळायचे. पुढे आश्रमशाळेत गेली, पण दिवाळीच्या सुट्टीत न चुकता माळावर. मोठी झाली, वीटभट्टीवर कामाला गेली, तिथे खर्डीचा रोशन भेटला. ठाकराचाच पोरगा, रिक्षा चालवणारा, स्टेशनाजवळ स्लॅबची खोली असलेला. बुधूबाला जावई पसंत होता. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते लग्नाच्या मांडवात. पाठवणीच्या वेळी बुधूबा सगळ्यांदेखत म्हणाला, "दिवाळीला ये गो. खोपीची चूल तुजीच हाय." सासरची माणसं हसली. एकजण म्हणाला, "म्हंजे वैनी अजून रानात राहतात?" रुपाला ते लागलं. नव्या माणसांसमोर लाज वाटली असेल, पोरवयच होतं. ती फटकन बोलून गेली, "पुरे झाली ती खोप, बाबा. मानसं घरात राहतात. रानात जनावरं राहतात."

बुधूबा तिच्याकडे बघत म्हणाला, "मग जनावराच्या बिळाकडं फिरकू नको. माज्या खोपीची वाट तुला बंद."

"बंद तर बंद."

हळद ओली होती अजून अंगावर. एवढ्याशा दोन वाक्यांवर दोघांनी वर्षं काढली. मला विचाराल तर दोघांच्याही एकेक कानाखाली वाजवायला हवी होती, पण तेव्हा तिथे एवढा अधिकार कुणाला नव्हता.

माझं माहेर खर्डीच्या पलीकडे. मुरबाडहून एसटीनं शहापूर, तिथून जीपमध्ये कोंबून घेऊन खर्डी. दिवाळीला, होळीला मी जायचे तेव्हा रुपाकडे चक्कर असायचीच. ती चहा ठेवायची. सगळ्या जगाची चौकशी करायची. म्हैस व्याली का, गोजरकाकीचे गुडघे कसे आहेत, यंदा माळावर वरी कशी आहे, कारवी फुलली का. बापाचं नाव नाही. मी मुद्दाम बोलायचे नाही. मग निघताना, चपला घालता घालता, ती पदराशी चाळा करत विचारायची, "आनि... यंदा खोप कुठं बांधली?"

"जाऊन बघ की."

"मी? वाट त्यानं बंद केली. उगडायची त्यानं."

हे मी बुधूबाला सांगितलं की तो म्हणायचा, "वाट काय दार हाय उगडायला? तिला ठाऊक हाय वाट." आणि थोड्या वेळानं, कोयत्याची धार बघत, उगीचच, "खर्डीला थंडी पडते का हो, बाई?"

खाण तशी माती म्हणतात ते हेच. रुपाला मुलगी झाली तेव्हा मी आनंदानं माळ चढून सांगायला गेले. म्हातारा ऐकून उठला, गवताचा एक भारा उगीच सोडला आणि पुन्हा बांधला. "तिच्यावानी हाय का दिसायला?" एवढंच त्यानं विचारलं. त्याच्या भावजयीनं, गोजरनं, कितीदा समजावलं होतं की लेक नसली तर पुतणी, भाची, शेजारची पोर, कुणीही चूल पेटवते, रीत एवढी आडमुठी नाही. ती आपली नात पाठवायला तयार होती. पण हा म्हणे, "तुजी नात तुज्या खोपीची." आणि बाहेर तीन दगडांवर भात शिजवायचा, बाहेर जेवायचा, बाहेर निजायचा. शिमग्याला कोरी चूल फोडून खोप मोडायचा. असं वर्षानुवर्षं.

मग पोलिओच्या डोसाचा तो रविवार आला. बुधूबा आदल्या दिवशी गवताच्या गाडीबरोबर मुरबाडला गेला होता, परतायला उशीर झाला म्हणून वाडीतच राहिला. सकाळी आम्ही बरोबरच वर निघालो. लशीचा डबा त्यानं खांद्यावर घेतला होता आणि मला चिडवत पुढे चालला होता. घळीतून माळावर डोकं काढलं, आणि तो थांबला.

त्याच्या खोपीतून धूर निघत होता.

चुलीचा धूर. गवतातून झिरपत, सगळ्या छपरावरून हळूहळू वर चढत होता. बुधूबानं डबा खाली ठेवला. ठेवला, टाकला नाही, त्याचं मला अजून कौतुक वाटतं. आणि मग तो पळाला. त्या वयाचा माणूस तसा पळताना मी कधी पाहिला नव्हता. मी डबा उचलून फुसफुसत मागून पोचले तोवर तो खोपीच्या दाराशी उभा होता. आत शिरला नव्हता. डोक्याचं फडकं सोडून त्यानं तोंड पुसलं, ते पुन्हा नीट बांधलं, आणि खाकरला.

"रुपे?"

आतून एक मुलगी रांगत बाहेर आली. जीन्स, डोळे धुरानं लाल, गालाला काजळी. "काका, सॉरी हां. आम्ही काल गडावरून येताना रस्ता चुकलो. थंडी फार होती, म्हणून..." तिच्या मागून दोन मुलगे आले, त्यातला एक लंगडत होता. बदलापूरची कॉलेजातली पोरं. मुलीचं नाव पूजा.

मी बुधूबाकडे बघितलं नाही. बघवलंच नाही मला. त्या पोरीची यात काही चूक नव्हती, तरी क्षणभर मला तिचाच राग आला.

बुधूबानं विचारलं, "चूल कोनी पेटवली?"

"मी," पूजा घाबरत म्हणाली. "रचलेलीच होती, म्हणून... चुकलं का?"

"नाय गो, चुकतंय कशाला," तो म्हणाला. "काड्या किती लागल्या?"

"अख्खी पेटी."

बुधूबा हसला. खरंच हसला. मग त्यानं गोजरला हाक मारून तांदूळ मागवले, त्या लंगड्या पोराच्या पायाला कसलासा पाला बांधला, सगळ्यांना जेवू घातलं. चूल पेटवणाऱ्या लेकीची ओटी भरायची असते. त्याच्याकडे खण नव्हता, तेव्हा त्यानं मधाची बाटली आणून पूजाच्या हातात दिली. "रीतीनं तू हिकडची लेक झालीस. आईबापाला सांग, एक बाप डोंगरावर बी हाय." पोरगी गोंधळली, मग वाकून त्याच्या पाया पडली. बुधूबा त्यांना खालच्या रस्त्यापर्यंत पोचवून आला.

मला वाटलं, चला, देवानं सोडवलं. चूल पेटली, खोप घर झाली, आता म्हातारा निदान आत तरी निजेल.

पुढच्या फेरीला गेले तर हा खोकत बाहेरच. दगड तोच, घोंगडी तीच. माझं डोकं फिरलं. "आता कुठली रीत आडवी आली? चूल पेटली ना? का मेल्यावर आत नेऊन निजवायचं तुमाला?"

तो चिडला नाही. "बाई," तो म्हणाला, "जरा आत जाऊन बसा."

"कशाला?"

"बसा तर."

मी वाकून आत शिरले. आत ऊब होती. वाळल्या गवताचा आणि धुराचा वास, मऊ जमीन, वाऱ्याचं नाव नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्या खोपीत बसले होते, आणि खरं सांगते, उठू नये असं वाटलं.

बाहेरून त्यानं विचारलं, "काय दिसतं दारातनं?"

"गड दिसतो. झाडं दिसतात."

"आनि वाट?"

मी मान इकडे केली, तिकडे केली. कुडाच्या फटीला डोळा लावला. वाट खोपीच्या पाठीमागे होती. आतून ती कुठूनच दिसत नव्हती.

"नाय दिसत," मी म्हणाले.

"तेवडंच हाय, बाई."

रीत, चूल, मान, सगळा माळ एवढी वर्षं त्यावर वाद घालत होता, त्याला हट्टी म्हणत होता, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी. मी बाहेर आले आणि डोंगर उतरले.

त्या खेपेला मी माहेराचं निमित्त केलं नाही. दुसऱ्याच दिवशी शहापूरची गाडी धरली आणि तडक रुपाच्या दारात उभी राहिले. ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती. आधी मी तिला पूजाची गोष्ट सांगितली, जरा तिखटमीठ लावूनच. तिचे हात थांबले.

"कोन ती? कुठली?"

"बदलापूरची."

"माज्या चुलीला हात लावला तिनं?" रुपाचा आवाज चढला. "फुंकता तरी येतं का तिला?"

"अख्खी पेटी संपवली."

"बगा!" ती म्हणाली, आणि जिंकल्यासारखी हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले. "मग आता निजतो का आत?"

"नाय."

"का? आता काय झालं?"

मग मी ते सांगितलं. खोपीत बसून काय दिसतं आणि काय दिसत नाही ते. काही वाढवलं नाही, काही लावलं नाही. रुपानं सूप खाली ठेवलं. पोरगी खेळता खेळता येऊन तिच्या मांडीवर बसली तरी तिला कळलं नाही. मग तिनं विचारलं, "वर थंडी लय हाय का गो, बाई?"

रात्री मी माहेरी राहिले. सकाळी जीपच्या थांब्यावर रुपा माझ्याआधी येऊन उभी होती. पोरीला रोशनकडे ठेवून आली होती. घळ चढताना ती पुढे झाली. तिला एकही वळण विचारावं लागलं नाही, एवढ्या वर्षांनीही पायांना सगळं आठवत होतं. मी मागून फुसफुसत होते. माळावर डोकं काढायच्या आधी ती थांबली, केस सारखे केले, पदर खोचला.

वर आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बुधूबा दगडाला टेकलेला होता. तोंड वाटेकडे, घोंगडी अंगावर, कोयता शेजारी. आणि तो गाढ झोपला होता. खोकल्यानं रात्रभर झोप लागली नसणार. तोंड उघडं पडलं होतं आणि हनुवटीवरचे पांढरे खुंट दिसत होते.

मी हाक मारणार होते. रुपानं माझा हात धरला.

ती त्याच्यासमोर गवतावर बसली. बघत राहिली. किती वाळलाय, किती म्हातारा झालाय, हे तिला आज पहिल्यांदाच दिसत होतं, आणि तिच्या तोंडाकडे बघून मलाच रडू येत होतं. ऊन त्याच्या डोळ्यांवर आलं तशी ती सरकली आणि आपली सावली त्याच्या तोंडावर धरून बसली. ऊन सरकेल तशी तीही सरकत राहिली. गोजर तिच्या खोपीतून बाहेर आली, बघितलं, आणि परत आत गेली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्याला खोकला आला, डोळे उघडले. समोर लेक. तो दचकला नाही. हात पुढे करून तिच्या पायाच्या बोटाला लागलेली माती त्यानं अंगठ्यानं पुसली.

"कदी आलीस?"

"झाला येळ."

"मग उठवायचं नाय?"

रुपानं नाकावरून हात फिरवला, आणि तोंड दुसरीकडे करून म्हणाली, "इतकी वरसं तू बसलास, बाबा. म्हटलं, एक दुपार मी बसते."